‘सगळं समजतं, फक्त बोलत नाही’: दोन वर्षांच्या मुलाचे बोलणे पुन्हा पुन्हा अडते तेव्हा

वाचा-उपचारासाठी पालक पहिल्यांदा येऊन बसतात, तेव्हा त्यांच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य बहुधा एकच असते: ‘त्याला सगळं समजतं, फक्त बोलत नाही.’ मूल पावणेदोन-दोन वर्षांचे असते, हाताला धरून फ्रिजपाशी नेते, हवी ती वस्तू बोटाने दाखवते, न मिळाल्यास रडते. शब्द मात्र ‘आई’, ‘बाबा’ आणि आणखी दोन-चार, एवढेच असतात. या तक्रारीचे दुसरे रूप अधिक बुचकळ्यात टाकणारे आहे. उन्हाळ्याच्या सुटीत मूल महिनाभर आजोळी राहते, तेथे ‘दे’, ‘नको’, ‘हम्मा’, ‘पडलं’ असे शब्द भराभर येऊ लागतात, घरातले सगळे निश्चिंत होतात, आणि जूनमध्ये शहरातल्या घरी परतल्यावर पंधरा-वीस दिवसांत हा ओघ आटतो. दिवाळीच्या सुटीनंतर पुन्हा तेच घडते. अशा वेळी मूल हट्टी आहे, असा समज होतो. अनेक वर्षे अशी मुले पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की यात हट्टाचा भाग क्वचितच असतो; बऱ्याच घरांत मुलाला बोलण्याची पाळीच मिळत नाही. मात्र या निष्कर्षावर येण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्या लागतात आणि त्यांचा क्रम बदलू नये.

सर्वांत आधी कान

मुलाला नीट ऐकू येते हे कशावरून, असे विचारले की उत्तरे ठरलेली असतात: हाक मारली की बघतो, मागे ताट वाजवले तर दचकतो, टीव्हीवर आवडती जाहिरात लागली की आतल्या खोलीतून पळत येतो. ही उत्तरे खरी असतात, परंतु पुरेशी नसतात. स्टीलच्या ताटाचा आवाज इतका मोठा असतो की मध्यम श्रवणदोष असलेले मूलही त्याने दचकते. बोलण्यातले सगळे आवाज तेवढे मोठे नसतात. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर ठळक ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘त’, ‘ख’ यांसारखे आवाज हलके आणि उंच पट्टीतले असतात. ज्या मुलाला ही उंच पट्टी कमी ऐकू येते, त्याच्या कानाला ‘साखर’ आणि ‘चादर’ या शब्दांत फारसा फरक जाणवत नाही. ते हाकेला प्रतिसाद देते, आवाजाच्या चढउतारावरून राग आणि लाड ओळखते, पण शब्द उचलू शकत नाही.

‘जन्मानंतर तपासणी झाली होती आणि ती ठीक होती’ असेही पालक सांगतात. जन्मजात श्रवणदोष दर हजार बाळांमागे साधारण एक ते तीन बाळांत आढळतो आणि तो लवकर सापडावा म्हणून पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, असा जगभर मानला जाणारा नियम आहे. पण कानात छोटी नळी ठेवून होणारी ‘ओएई’ चाचणी केवळ आतल्या कानातील पेशींचे काम पाहते. कानापासून मेंदूपर्यंतच्या मज्जातंतूचे काम पाहण्यासाठी ‘बेरा’ ही वेगळी चाचणी लागते. शिवाय जन्मावेळी ठीक असलेले कान मेंदूज्वरासारख्या आजारानंतर बिघडू शकतात.

या तक्रारीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण सर्दीचे आहे. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साचून राहतो. कान दुखत नाही, वाहत नाही, तापही नसतो. ऐकणे तेवढे दबते, आपण कानात बोटे घालून ऐकावे तसे. काही आठवड्यांनी द्रव ओसरला की ऐकणे सुधारते आणि पुढच्या सर्दीला पुन्हा दबते. जूनमध्ये बोलणे आटण्यामागे काही मुलांच्या बाबतीत गाव किंवा शहर यांचा संबंधच नसतो. पावसाळा सुरू झालेला असतो, मूल नुकतेच पाळणाघरात जाऊ लागलेले असते आणि तेथून एकामागून एक सर्दी घरी येत असते. पडद्यामागचा द्रव शोधण्यासाठी ‘टिम्पॅनोमेट्री’ ही चाचणी असते. ती मिनिटाभराची असून दुखत नाही. बहुतेक मुलांत हा द्रव सुमारे तीन महिन्यांत आपोआप ओसरतो, न ओसरल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञ पुढचे ठरवतात. बोलणे मागे आहे अशा प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी व्हावी, असा माझा आग्रह आहे आणि त्याला मी अपवाद करत नाही.

नेमके काय समजते?

कान ठीक असल्याचे कळल्यावर दुसरी तपासणी घरीच करता येते. आई किल्ली उचलते, ओढणी खांद्यावर टाकते आणि म्हणते, ‘चल, भुर्र जायचं ना?’ मूल धावत जाऊन चपला घेऊन येते. आईला वाटते, त्याला वाक्य समजले. प्रत्यक्षात त्याला किल्ली समजली, ओढणी समजली आणि दाराकडे वळलेली आईची पावले समजली. मूल हुशार आहे यात शंका नाही. त्या हुशारीने परिस्थिती वाचली, शब्द वाचले की नाही ते अजून कळायचे आहे.

म्हणून एक साधा प्रयोग करावा. बाहेर जायची वेळ नसताना, जमिनीवर शांत बसून, हात मांडीवर ठेवून आणि नजर मुलाच्या चेहऱ्यावर ठेवून विचारावे, ‘चेंडू कुठे आहे?’ बोट दाखवू नये, मान वळवू नये, चेंडूकडे पाहू नये. नंतर असेच ‘बाबांची चप्पल आण’, ‘तुझं नाक कुठे आहे?’ असे एकेक विचारावे. दोन वर्षांच्या मुलाने खुणांशिवाय अशा सूचनांपैकी बऱ्याचशा पाळल्या तर त्याचे आकलन चांगले आहे आणि पुढे जे सांगणार आहे ते घरी लगेच सुरू करता येईल. पण खुणा काढून घेताच ते गोंधळून पाहत राहिले, तर अडचण केवळ बोलण्याची नसून समजण्याचीही आहे, आणि अशा मुलाला तज्ज्ञाकडे नेण्यास उशीर करू नये. उशिरा बोलणाऱ्या मुलांपैकी ज्यांचे आकलन आणि हावभाव चांगले असतात, त्यांतील अनेक मुले पुढे बरोबरीला येतात. आकलनच मागे असलेल्या मुलांबाबत तेवढी खात्री देता येत नाही.

पाळी कोठे हरवते

आता मूळ मुद्दा. शहरातल्या घरातला एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. मूल स्वयंपाकघरात येते, ओट्याकडे पाहते आणि ‘उं’ असा आवाज काढते. आजी म्हणते, ‘पाणी हवं का माझ्या सोन्याला? तहान लागली होय? थांब हं, देते,’ आणि पेला त्याच्या ओठांना लागतो. या सगळ्याला चार सेकंदही लागत नाहीत. आजीचे प्रेम शंभर नंबरी आहे, ती मुलाशी भरपूर बोलते, आणि तरीही या देवाणघेवाणीत मुलाच्या वाट्याला एकही शब्द आलेला नाही. त्याने प्रश्न विचारण्याआधी उत्तर मिळाले. दिवसातून असे पन्नास प्रसंग घडले तर ‘उं’ हाच त्याचा सर्वांत उपयोगी शब्द ठरतो, कारण तो दर वेळी काम करतो.

गावी काय बदलते? तेथे चार-पाच वर्षांची मामेभावंडे असतात. त्यांना याचे ‘उं’ कळत नाही आणि कळून घेण्याची घाईही नसते. चेंडू हवा असेल तर ‘दे’ म्हणावे लागते, नाहीतर चेंडू पुढे जातो. गोठ्यात म्हैस हंबरते, कोंबडी अंगणात शिरते, एसटी वळणावरून येते; बोलण्यासारखे काहीतरी सतत घडत असते आणि ते पाहणारे दुसरे कोणी शेजारी उभे असते. हेच वातावरण शहरातल्या दोन खोल्यांत आणता येते. त्यासाठी म्हशीची गरज नाही, पाळी परत देण्याची गरज आहे.

पहिला बदल थांबण्याचा. मूल काही मागत आहे हे कळल्यावर खाली बसावे, चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर आणावा, पेला हातात दिसेल असा धरावा आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत काहीही बोलू नये. दहा अंक फार वाटतात. पहिल्या दिवशी बहुतेक आया चौथ्या अंकाला बोलून टाकतात. मुलाला शब्द आठवून तो तोंडातून काढण्यास आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि मोकळा सोडलेला तोच वेळ म्हणजे त्याची पाळी. दहा अंकांत काहीच आले नाही तर आपण एकच शब्द स्वच्छ म्हणावा, ‘पाणी’, आणि पेला द्यावा. वस्तू अडवून ठेवू नये, ‘आधी बोल, मग देते’ असे म्हणू नये. रडवून काढलेला शब्द मूल पुन्हा आपणहून वापरत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

दुसरा बदल प्रश्नांचा. ‘हे काय आहे? ते काय आहे? काकांना सांग बघू गाय कशी ओरडते?’ ही तोंडी परीक्षा झाली, संवाद झाला नाही. मूल ज्याकडे पाहत आहे त्याविषयी आपण साधे विधान करावे. बादलीत पाण्याचा मग बुडत असेल तर ‘बुडाला’, वर आला तर ‘आला’, पाणी सांडले तर ‘सांडलं’. अंघोळीची दहा मिनिटे यासाठी उत्तम असतात, कारण त्या वेळी मोबाईल हातात नसतो आणि रोज तेच घडते. चार दिवस एकाच जागी एकच शब्द म्हटला, की पाचव्या दिवशी तो मग बुडवून गप्प राहावे आणि मुलाकडे पाहावे. बऱ्याच मुलांचा पहिला ‘बुदाला’ अशाच शांततेत येतो.

तिसरा बदल शब्दांच्या निवडीचा, आणि येथे मी थोडी आग्रही आहे. अनेक घरांत दोन वर्षांचे मूल ‘ए फॉर ॲपल’पासून घडाघडा म्हणते, एक ते दहा आकडे म्हणते, रंग ओळखते, आणि तहान लागल्यावर मात्र बोट दाखवते. पाठ केलेली यादी आणि कामाला येणारा शब्द या वेगळ्या गोष्टी आहेत. आधी ‘दे’, ‘नको’, ‘अजून’, ‘उघड’, ‘संपलं’, ‘गेला’, ‘पडलं’, ‘चल’ हे शब्द यावेत, कारण त्यांनी जग हलते आणि दोन शब्दांची जोडणीही त्यांच्यापासूनच होते: ‘बाबा गेला’, ‘दूध नको’, ‘अजून दे’. ‘नको’ हा शब्द तर सोन्याच्या मोलाचा आहे. जे मूल ‘नको’ म्हणू लागते, त्याचे ताट भिरकावणे हळूहळू कमी होते.

मूल एक शब्द बोलले की आपण त्याला एकच शब्द जोडून परत द्यावा. त्याने ‘भू-भू’ म्हटले तर ‘भू-भू पळाला’. पुढच्या वेळी ‘मोठा भू-भू’. भू-भू, माऊ, मंमं ही आपली बाळबोली वापरण्यात काहीही गैर नाही. ओठांनी होणारे आणि दुहेरी आलेले आवाज या वयाला सोपे असतात, म्हणून तर सगळीकडच्या आयांनी तसे शब्द घडवले. मात्र मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणत असेल तर आपणही ‘ताता’ म्हणू नये आणि त्याला दुरुस्तही करू नये. ‘हो, काका आले’ एवढे म्हणावे. दिवसभर आईसोबत असलेला मुलगा ‘मी जाते’ म्हणतो, तेव्हाही ‘तू जातोस? जा!’ असे उत्तर पुरेसे असते. ‘र’, ‘ळ’, ‘ण’ हे आवाज उशिरा येतात, त्यांची काळजी दोन वर्षांच्या वयात करू नये.

पडदा पाळी देत नाही

मोबाईलविषयी पालकांना इतके ऐकवले गेले आहे की ते मान खाली घालूनच येतात. दोष देण्यापेक्षा कारण समजून घेणे अधिक उपयोगी आहे. २००३ मध्ये संशोधक पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बाळांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बाळांच्या एका गटाशी मँडरिन चिनी बोलणाऱ्या व्यक्ती समोर बसून १२ बैठकांत खेळल्या, गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या गटांना तेच साहित्य चित्रफितीतून किंवा केवळ ध्वनिमुद्रणातून दिले गेले. प्रत्यक्ष माणूस भेटलेल्या बाळांनी मँडरिनमधील आवाजांचा फरक ओळखला, चित्रफीत पाहिलेल्या बाळांनी ओळखला नाही. समोरचे माणूस बाळ पाहील तिकडे पाहते, ते ‘आ’ म्हणाले की थांबते, त्याला उत्तर देते. चित्रफीत यातले काहीच करत नाही, ती पुढे चालत राहते. म्हणूनच परदेशातल्या आजी-आजोबांशी होणारा व्हिडिओ कॉल मी या हिशेबात धरत नाही; पलीकडून उत्तर येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांनी एका जागी बसून पडदा पाहू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा आहे. कोणी पाहत नसताना चालू राहिलेला टीव्हीही यात धरावा, कारण त्याच्या आवाजात घरातली मोठी माणसे कमी बोलतात. खरी अडचण जेवणाची असते: मोबाईलशिवाय मूल घास घेत नाही. सगळी जेवणे एकदम बदलू नयेत. आधी रात्रीचे जेवण घ्यावे, सगळ्यांनी एकत्र बसावे, सगळ्यांचे मोबाईल दुसऱ्या खोलीत असावेत आणि मुलाला स्वतःच्या हाताने सांडत-लवंडत खाऊ द्यावे. पहिले चार-पाच दिवस रडण्याचे जातात आणि मूल कमी खाते. घरातल्या एकाही माणसाने मध्येच मोबाईल दिला नाही तर सहसा आठवड्याभरात ते निवळते.

घरातल्या दोन भाषा

या विषयावर मी एकदा चुकले होते, आणि ती चूक आजही मला सलते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मुंबईतल्या एका कुटुंबाला मी सांगितले की मुलाचा गोंधळ होतो, घरात फक्त प्रमाण मराठी बोला. त्या घरातली आजी मालवणी बोलणारी होती. महिन्याने ते परत आले तेव्हा आजी मुलाशी बोलायचीच बंद झाली होती. चुकीचे बोलले जाईल म्हणून ती केवळ हसत असे. दिवसभर त्या मुलाजवळ असणारे, त्याला उत्तर देणारे एकमेव माणूस माझ्या सल्ल्याने गप्प झाले होते. दोन भाषा ऐकल्याने बोलणे उशिरा येते, याला संशोधनाचा आधार नाही. ज्याला जी भाषा मनापासून येते, त्याने मुलाशी तीच बोलावी. मालवणी असो, अहिराणी असो, वऱ्हाडी असो किंवा कोकणी. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. बंगळुरू, दुबई किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांनाही हेच लागू आहे: इंग्रजी पाळणाघरात येईल, घरी मोडक्या इंग्रजीपेक्षा भरघोस मराठी बरी.

वेळ घालवणारे सल्ले

‘जीभ जड आहे’, ‘जिभेखालची शीर कापून घ्या’, ‘वेखंड मधात उगाळून जिभेला लावा’ हे सल्ले अजूनही दिले जातात. जिभेखालचा पडदा घट्ट असेल तर काही बाळांना दूध ओढताना त्रास होतो आणि क्वचित थोडे उच्चार अडतात, पण त्यामुळे मूल शब्दच बोलत नाही असे होत नाही. वर्षाखालील बाळाला मध चाटवणे तर धोक्याचे आहे. ‘मुलगे उशिराच बोलतात’ हे सरासरीने थोडे खरे आहे, मात्र तो फरक थोड्या महिन्यांचा असतो, वर्षांचा नाही. ‘शाळेत घातलं की बोलेल’ या आशेवर अनेक मुलांचे एक मोलाचे वर्ष गेलेले मी पाहिले आहे.

किती थांबावे आणि कोठे जावे

बारा महिन्यांपर्यंत ‘बाबाबा’, ‘ददद’ असे बडबडणे नसणे, बोटाने दाखवणे किंवा टाटा करणे नसणे. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द न जोडणे: यापैकी काहीही असेल तर तपासणी करावी. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रांनी २०२२ मध्ये मुलांच्या वाढीच्या टप्प्यांची यादी सुधारताना सुमारे ५० शब्दांचा टप्पा अडीच वर्षांवर ठेवला. ते वाचून काही पालक निर्धास्त होतात, परंतु त्या यादीत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक मुले जे करतात तेच टप्पे घेतलेले आहेत. तो टप्पा चुकला तर थांबायचे नाही, असाच त्याचा अर्थ आहे.

सुरुवातीला सांगितलेल्या ‘येते आणि जाते’ या तक्रारीत एक फरक नीट ओळखावा. बोलणे कमी झाले, पण मूल पूर्वीसारखेच डोळ्यांत पाहते, हाकेला वळते, वस्तू आणून दाखवते, तर बोलण्याची पाळी न मिळणे आणि सर्दी ही दोन कारणे आधी तपासावीत. शब्दांबरोबर नजरही हरवली, नावाला प्रतिसाद थांबला, खेळ एकाच चाकाभोवती फिरू लागला, तर एक दिवसही न दवडता बालरोगतज्ज्ञांकडे जावे. घरी बसून हा फरक करता येत नसेल, तर आलेले शब्द गेले एवढे कारणही तपासणीसाठी पुरेसे आहे.

खर्चाची चिंता असलेल्या कुटुंबांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचे पथक अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा तपासते. अंगणवाडी सेविकेला बोलण्याची अडचण स्पष्ट सांगावी, म्हणजे मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाक् व श्रवण क्षेत्रातील राष्ट्रीय संस्था १९८३ पासून काम करते, तेथे श्रवणचाचणी आणि वाचा-उपचार दोन्ही होतात.

जाण्यापूर्वी तीन आठवडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलाने आपणहून उच्चारलेला प्रत्येक नवा शब्द त्या त्या तारखेला लिहावा आणि सर्दीच्या दिवसांवर खूण करावी. आपण म्हटल्यावर लगेच मागून म्हटलेले शब्द वेगळ्या रंगाने लिहावेत. ‘पाणी’ला मूल दर वेळी ‘पा’ म्हणत असेल तर तो शब्दच आहे. ‘म्याँव’ आणि ‘पी-पी’ हेही शब्दच आहेत. ते पान काढून सोबत आणावे. आमच्या पहिल्या अर्ध्या तासातले निम्मे प्रश्न त्यानेच सुटतात.